शनिवारचं तेल

पाटबंधारे खात्यातून उपअभियंता म्हणून निवृत्त झालेल्या माधवरावांना पोहता येत नव्हतं (कालव्याच्या खात्यात उभी नोकरी काढून, हे विशेष), बाजारातलं वांगं किडकं की चांगलं हे कळत नव्हतं, आणि त्यांनी चहा ठेवला की दूध उतू जायचंच. पण पातळी मात्र त्यांना बघता यायची. कालव्याची, धरणाची, भिंतीची, फरशीची, आणि संध्याकाळी कट्ट्यावर बसले की समाजाची घसरलेली पातळीसुद्धा. बारामतीच्या कालवाकाठ सोसायटीत कुणी नवीन फ्लॅटमध्ये राहायला आलं की माधवराव आगंतुकपणे जात, बाथरूममध्ये मगभर पाणी ओतत आणि ते जाळीकडे न जाता दाराकडे कसं येतं हे त्या बिचाऱ्याला दाखवून परत येत. सोसायटीच्या बागेत उतरायला जो सिमेंटचा उतार होता, तोही त्यांनीच सभेत भांडभांडून, किती फुटांना किती इंच याचा हिशेब फळ्यावर काढून मंजूर करून घेतला होता. माणसाला एखादा तरी अभिमान असावा. माधवरावांना हा होता, आणि तो पुष्कळ होता.

त्यांच्या मुलीचा, आसावरीचा, साखरपुडा रविवारी सोसायटीच्या लॉनवर ठरला होता. मुलगा अविराज, डाळजचा. शेतकीची पदवी घेतलेला, घरच्या पेरूच्या बागा बघणारा. लग्न आसावरीनंच जमवलं होतं आणि माधवरावांनी त्याला "माझी हरकत नाही" अशा खात्यातल्या भाषेत मंजुरी दिली होती. खरं सांगायचं तर त्यांच्या मनात थोडी अढी होती. सणसर-इंदापूरकडचे शेतकरी त्यांनी सगळी नोकरीभर टेबलाच्या पलीकडे, हातात अर्ज घेऊन उभे राहिलेले पाहिले होते. आता त्यातलाच एक माणूस पाटाला पाट लावून बसणार होता.

तो माणूस म्हणजे अविराजचे वडील, आबासाहेब. पण त्यांचा स्वभाव असा की अढी धरणंही अवघड जावं. सोसायटीचा माळी काम सोडून गेलाय (खुरपं कसं धरावं हे त्याला कमिटीतल्या सगळ्यांनी वेगवेगळं शिकवलं होतं) आणि लॉनचं गवत गुडघ्याला लागतंय, असं माधवराव फोनवर सहज बोलून गेले, तर आबासाहेब लगेच म्हणाले, "त्यात काय येवढं, व्याही? आमच्याकडं गवात कापायचं बारकं ट्रॅक्टर हाय की. वर बसायचं आन चालवायचं. पेरूच्या सऱ्यांतनं फिरतंय. देतो धाडून."

शुक्रवारी संध्याकाळी अविराज स्वतः पिकअपमध्ये घालून ते घेऊन आला. लाल रंगाचं, खेळण्यातलं वाटावं असं, चार चाकं, स्टिअरिंग, ऐटदार सीट. आणि फाटकातच अडलं.

वॉचमन म्हणाला, वहीत गाडीचा नंबर लिहावा लागतो आणि ह्याला नंबरच नाही. म्हणून चेअरमन आप्पासाहेबांना बोलावलं. आप्पासाहेब सहकार खात्यातले. त्यांनी मशीनला एक फेरी मारली आणि नियम सांगितला: सोसायटीत व्यावसायिक वाहनांना मनाई आहे. हे व्यावसायिक नाही, हे अविराजनं नम्रपणे पटवून दिलं. मग ते वाहन आहे, म्हणजे पार्किंगमध्ये लागलं पाहिजे, पण पार्किंगच्या जागा फ्लॅटवार वाटलेल्या आहेत आणि माधवरावांच्या जागेत माधवरावांची गाडी आहे. मग लॉनवर ठेवू? छे, लॉन ही सामाईक सुविधा, तिथे वाहन उभं करता येत नाही.

"पण ते लॉनच कापायला आलंय!" माधवराव म्हणाले.

"कापताना चालेल," आप्पासाहेब म्हणाले. "उभं राहताना नाही."

शेवटी असं निघालं की बागेत उतरायचा उतार तेवढा पार्किंगमध्येही मोडत नाही आणि सुविधेतही मोडत नाही. त्यामुळे ट्रॅक्टर उतारावर उभा राहिला, चाकाखाली विटा लावून.

निघताना अविराज म्हणाला, "काका, ऑइल परवाच बदललंय, भरल्यालंच हाय. तरी सकाळी सुरू करायच्या आधी येकदा काडी काढून बघा. फक्त मशीन सपाटीला..."

"जावईबापू," माधवराव त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "पातळी बघण्यात आमची हयात गेलीय."

अविराज हसला आणि गप्प बसला. मोठ्यांचं बोलणं तोडायचं नाही असं त्याच्या घरचं वळण होतं. या वळणानंच पुढे सगळा घात केला.

शनिवारी सकाळी माधवराव आंघोळ करून, चष्मा पुसून उतारावर आले. मोजमापाचं काम असलं की ते इस्त्रीचा शर्ट घालत. त्यांनी टोपण फिरवून तेलाची काडी बाहेर काढली, दोरीवरचं एक पांढरं फडकं ओढून ती स्वच्छ पुसली, परत आत घातली, बाहेर काढली आणि उन्हात धरली. काडीच्या अगदी टोकाला काहीतरी ओलसर होतं. खुणेच्या कितीतरी खाली. पुन्हा पुसली, पुन्हा बघितली. तेच.

"ठणठणाट आहे," ते म्हणाले, आणि त्यांना मनातून बरं वाटलं, हे लपवण्यात अर्थ नाही. 'भरल्यालंच हाय' म्हणे! शेवटी मोजमाप ते मोजमाप, आणि शेतकी ती शेतकी.

तोवर आप्पासाहेब आले होते. त्यांनी काडी हातात घेऊन वास घेतला आणि इंजिनाला तेल नसेल तर ते जाम होतं, त्यांच्या मेव्हण्याच्या स्कूटरचं झालं होतं, अशी माहिती दिली. चौकात जाऊन डबा आणतो, असं म्हणून माधवराव चपला घालतात न घालतात तोच वरच्या गॅलरीतून त्यांच्या पत्नीचा, मंदाकिनीबाईंचा, आवाज आला.

"आज शनिवार आहे!"

शनिवारी तेल विकत आणत नाहीत. तेल नाही, मीठ नाही, लोखंड नाही. हा मंदाकिनीबाईंच्या माहेरचा कायदा होता आणि लग्नापासून तो या घरात लागू होता. माधवराव एरवी विज्ञानवादी. ज्येष्ठ नागरिक संघात त्यांनी ग्रहांच्या खऱ्या अंतरांवर व्याख्यानही दिलं होतं. ते खालून म्हणाले, "अगं, हे खायचं तेल नाही!"

"तेल ते तेल. उद्या पोरीचा साखरपुडा आहे. आज घरात शनी आणू नका. आणि अहो, ते हातात काय आहे तुमच्या? आबासाहेबांना द्यायचं मानाचं उपरणं आहे ते! धुऊन वाळत घातलं होतं!"

माधवरावांनी काळे डाग पडलेलं उपरणं पाठीमागे लपवलं आणि वादातून माघार घेतली. दोन आघाड्यांवर लढू नये हे त्यांना कळत होतं.

तोडगा आप्पासाहेबांनी काढला. "विकतच आणायचं नाही ना? मग कुणाकडून तरी घ्या. गाडीत घालून उरलेलं तेल प्रत्येकाच्या घरी असतं." आणि त्यांनी तिथल्या तिथे सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं: 'सर्व सभासदांस कळविण्यात येते की, मा. माधवराव यांना आज शनिवारी तेलाची आवश्यकता आहे. इच्छुकांनी उताराजवळ समक्ष भेटावे.'

माधवरावांना वाटलं होतं, एखादा कुणीतरी येईल. जिन्यात पावलं वाजायला लागली.

ज्यांनी देखभालीची वर्गणी कधी वेळेवर भरली नव्हती ते आले. ज्यांच्या बाथरूमचा उतार माधवरावांनी चुकीचा ठरवला होता आणि तेव्हापासून जे बोलत नव्हते, तेही आले. कुणाच्या हातात मोटरसायकलच्या तेलाची अर्धी बाटली, कुणाकडे कारचं, कुणाकडे शिलाई मशीनच्या तेलाची कुपी. आणि सगळे आनंदात. माधवराव म्हणत, "द्या इकडे, मी ओततो," तर ते म्हणत, "नको नको, आमच्याच हातानं ओततो." ओतून झालं की हात जोडत. एका गृहस्थांनी तर माधवरावांना वाकून नमस्कार केला आणि मागे न बघता चालू लागले.

माधवरावांच्या मनात आलं, आपण या लोकांना किती तोडून बोलत आलो आणि यांच्या मनात आपल्याबद्दल हे एवढं! मुलीचं कार्य निघालं की माणसं कशी धावून येतात! त्यांनी मध्ये मध्ये काडी बघितली, पण तेवढ्यात पुढचा माणूस बाटली घेऊन उभा असे आणि त्याला नाही म्हणणं जिवावर येई. पहिल्या मजल्यावरच्या कौसल्याकाकू स्टीलच्या वाटीत तेल घेऊन आल्या. त्यांनी वाटी चेहऱ्याजवळ धरली आणि तेलात डोकावून बराच वेळ बघितलं. केरकचरा बघत असतील, किती काळजी, असं माधवरावांना वाटलं. मग काकूंनी काहीतरी पुटपुटत वाटी इंजिनात उपडी केली आणि वर चार काळे उडीद टाकले.

"काकू, हे काय?"

"तिळाचं आहे हो. त्याला दुसरं चालत नाही."

"कुणाला?"

उत्तर द्यायला काकू थांबल्या नाहीत. त्या मागे वळून बघणार नव्हत्या.

उत्तर मंदाकिनीबाईंनी आणलं. त्या जिना उतरून आल्या तेव्हा त्यांच्या तोंडावर रंग नव्हता. "अहो, दान घेतलंत? शनिवारी तेलाचं दान? लोक देवळाबाहेर रांग लावून, तेलात आपलं तोंड बघून ते तेल देतात ते आपली साडेसाती जावी म्हणून. तुम्ही अख्ख्या सोसायटीची घेतलीत!"

पंचांगाप्रमाणे साडेसाती एका वेळी तीनच राशींना असते. पण कालवाकाठ सोसायटीत ज्यांना ती चालू होती ते आले होते, ज्यांची नुकतीच संपली होती ते उरलीसुरली द्यायला आले होते, आणि बाकीचे पुढेमागे येणारच म्हणून आगाऊ देऊन गेले होते. आपल्यावर लोकांचं प्रेम बसलेलं नाही, हे माधवरावांच्या लक्षात यायला जरा वेळ लागला. कळलं तेव्हा मात्र फार लागलं. चाकाखालच्या विटा सरकवून ते ट्रॅक्टरवर चढले. निदान काम तरी करून दाखवू, म्हणून त्यांनी चावी फिरवली.

ट्रॅक्टर सुरू झाला. उतारावरून दिमाखात लॉनवर उतरला आणि त्याच्या मागून धूर निघाला. आधी पांढरा, मग निळसर. इतका की बी विंगमधल्या लोकांना डासांची फवारणी आली असं वाटून त्यांनी खिडक्या लावून घेतल्या आणि पाण्याच्या घागरी झाकल्या. धुराला तीळ तडतडल्याचा खमंग वास होता. माधवराव खोकत खोकत चालवत राहिले, कारण थांबवायचं कसं हे विचारायचं राहून गेलं होतं. इंजिनातून तेल उसळून बाजूला उडत होतं. उद्या जिथे पाट मांडायचे तिथपर्यंत काळ्या चिकट तेलाचा एक लांबलचक नागमोडी पट्टा काढून ट्रॅक्टरनं मोठा आचका दिला आणि तो बंद पडला.

धूर ओसरल्यावर माधवरावांनी काडी काढली. आता मशीन लॉनवर, सपाट जागी होतं. तेल खुणेच्याच काय, काडीच्याही वर आलं होतं. सवयीनं त्यांनी मनात हिशेब मांडला: लोकांनी ओतलेलं इतकं, म्हणजे आधीचं इतकं. हिशेब चुकेना. आधीचं तेल बरोब्बर भरलेलं होतं. त्यांनी मागे वळून उताराकडे बघितलं. आपण फळ्यावर काढलेला तो उतार. तेल सगळं खालच्या अंगाला, काडी वरच्या अंगाला. ज्युनिअर इंजिनिअर लोकांना ते हेच तर शिकवत आले होते, आधी बैठक सपाट करा, मग आकडा वाचा. एकेकाला या चुकीसाठी त्यांनी चारचौघांत झापलं होतं. माधवरावांची कानशिलं तापली होती, पण ती उन्हामुळे नव्हे.

नेमका तेव्हाच खिशातला फोन वाजला. आबासाहेब.

"काय व्याही, झालं का गवात कापून?"

खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. ते माधवरावांच्या जिभेवर आलंही होतं. पण गॅलऱ्यांमधून सगळी सोसायटी बघत होती, शर्टावर तेल उडालं होतं, आणि फोनवर टेबलाच्या पलीकडचा माणूस होता. ते म्हणाले, "आबासाहेब, तुमच्या मशीनमध्ये ऑइलच नव्हतं हो. इंजिन गेलं."

मग आबासाहेब म्हणाले, "न्हवतं? आवी तर भरलं म्हनला हुता."

"म्हणाले असतील. काडीला तर काही लागलं नाही."

"माफी करा, व्याही," आबासाहेबांचा आवाज एकदम खाली आला. "कार्याच्या तोंडावर तुमाला तरास झाला. पोरानं खोटं सांगितलं म्हनायचं. बघतो मी त्येच्याकडं." फोन बंद व्हायच्या आधी पलीकडे "आव्या, हिकडं ये!" अशी हाक माधवरावांना ऐकू आली.

त्यांनी फोन खिशात ठेवला आणि वळून बघितलं तर मागे आसावरी उभी होती. शुक्रवारी संध्याकाळी ती तिथेच होती, अविराजचं बोलणं तिनं ऐकलं होतं. आताचं वडिलांचंही ऐकलं होतं. तिनं त्यांच्या हातातली काडी घेतली, जागच्या जागी बसवून टोपण फिरवलं आणि वर निघून गेली. ती त्या वेळी भांडली असती तर माधवरावांना बरं वाटलं असतं.

साखरपुडा रविवारी पार्किंगमध्ये झाला, त्यासाठी आप्पासाहेबांची लेखी परवानगी घेऊन. डाळजहून मंडळी पेरूच्या पाट्या घेऊन आली. आबासाहेबांनी फेटा बांधला होता, त्यांच्या पत्नी फुलाबाईंनी ठेवणीतली पैठणी नेसली होती आणि अविराज नव्या झब्ब्यात मान खाली घालून त्यांच्या मागून येत होता. पाटावर बसायच्या आधी आबासाहेब मधोमध उभे राहिले आणि सगळ्यांसमोर हात जोडून म्हणाले, "मंडळी, माज्या पोराकडनं चूक झाली. बिन ऑइलचं मशीन धाडलं आन वरनं भरलंय म्हनून सांगितलं. तुमच्या लानाची नासाडी झाली. आसल्या बेफिकीर पोराला माधवराव लेक देत्यात, त्येंचं मन मोठं हाय."

अविराजनं एकदाच मान वर केली आणि माधवरावांकडे बघितलं. त्या बघण्यात राग असता तर माधवराव सावरले असते. तसलं काही नव्हतं. ऑफिसात साहेबाच्या खुर्चीसमोर उभा असलेला माणूस जसा बघतो, तसं त्यानं बघितलं आणि पुन्हा मान खाली घातली.

माधवराव उठले. आपण का उठलो हे त्यांचं त्यांनाही उभं राहीपर्यंत कळलं नव्हतं. मंत्र सुरू करायला निघालेले गुरुजी थांबले.

"ऑइल होतं," ते म्हणाले. मागच्यांना ऐकू जावं म्हणून पुन्हा म्हणाले, "ऑइल भरलेलं होतं. अविराजनी सांगितलं ते खरं होतं. मी मशीन उतारावर उभं असताना काडी बघितली. ती उतारावर बघायची नसते, हे मला माहीत असायला हवं होतं. इतरांना मीच शिकवत होतो. वरून आणखी तेल ओतलं, म्हणून इंजिन गेलं. आणि हे मला तुमच्या फोनच्या आधीच समजलं होतं, आबासाहेब. समजून मी खोटं बोललो."

मंदाकिनीबाईंनी पदर तोंडाला लावला.

आबासाहेब मुलाकडे वळले. "तुला ठावं हुतं?"

"व्हय, आबा."

"मंग काल येवढ्या शिव्या खाल्ल्या त्या कशापायी? सांगायचं न्हाय?"

"काकांला खोटं पाडून पुन्यांदा त्येंच्याच पाया पडायला कसं येनार?" अविराज म्हणाला.

माधवरावांना वाटलं, आता आबासाहेबांनी बोलावं, हवं ते बोलावं. पण आबासाहेब कपाळाला आठ्या घालून वेगळाच विचार करत होते. "पर व्याही, जास्तीचं तेल आनलं कुठनं? काल तर शनवार."

माधवरावांनी तेही सांगितलं. सांगता सांगता सोसायटीतली माणसं एकेक करून पायाखालची फरशी बघायला लागली, आणि कौसल्याकाकूंना स्वयंपाकाकडे काहीतरी काम आठवलं.

आबासाहेब दोन पावलं मागं सरले. "शनवारी दिल्यालं तेल? समद्या वस्तीचं? आवं, इंजिनाचं काय न्हाय, खोललं की हुतंय नीट. पर त्ये मशीन मी डाळजला न्हाय न्यायचं. बागंत फुलं लागल्याती आत्ता. ऱ्हाऊ द्या हितंच. आमच्याकडनं आंदन समजा."

"कायमचं?" आप्पासाहेब घाईनं पुढे आले. "पण ते उभं कुठं करायचं?"

या प्रश्नावर पहिल्यांदा फुलाबाई हसल्या, मग सगळेच हसले, आणि त्या हसण्यातच गुरुजींनी अंगठ्या घालून घेतल्या. माधवरावांना कुणी एक शब्द वावगा बोललं नाही. उलट आबासाहेबांनी त्यांना आग्रहानं स्वतःशेजारी बसवलं, फुलाबाईंनी "इव्हाईबुवा, घ्या की आनखी" म्हणत ताटात वाढलं, आणि अविराज खरोखरच पाया पडला. तो वाकला तेव्हा माधवरावांनी पाय मागे घेतले, पण खुर्ची भिंतीला लागलेली होती. ती सगळी माणसं त्यांना इतकी मानानं वागवत होती की त्यांना तिथे बसवेना. काहीतरी आठवल्यासारखं करून ते उठले आणि पाण्याच्या टाकीजवळ जाऊन उभे राहिले.

आसावरी ताट घेऊन तिथे आली. हातात नवी अंगठी, कपाळाला मळवट. "बाबा, तुम्ही काहीच खाल्लं नाहीत."

"तुझं बोलणं झालं होतं का त्याच्याशी?"

"कालच. फोनवर रडलेच मी. म्हटलं, तू का ऐकून घेतोस, सांगून टाक आबांना सगळं. तर म्हणाला, थांब, काका सांगतील. स्वतःच सांगतील बघ."

माधवरावांनी ताट घेतलं. "आणि तू काय म्हणालीस?"

आसावरी ताटातली कलंडलेली वाटी सरळ करत म्हणाली, "मी म्हटलं, मी त्यांना लहानपणापासून ओळखते. नाही सांगणार."

तिला कुणीतरी हाक मारली म्हणून ती गेली. माधवराव ताट धरून तिथेच उभे राहिले. मुलीनं काही चुकीचं म्हटलं होतं, असं त्यांना म्हणता येईना.